भिंतीपासून नऊ बोटं

चारकोप, सेक्टर आठ. समाजमंदिराचा हॉल,
कुणाच्या बारशाच्या फुग्यांचे दोरे अजून पंख्याला.
मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेतीन वाजता,
आम्ही सातजणी भिंतीला उभ्या राहतो
शाळेत शिक्षा झाल्यासारख्या, फक्त तोंड या बाजूला.

टाचा टेकवा, झैनब म्हणते. टेकल्या.
बसायची जागा टेकवा. ती आपोआपच टेकते गं, फ्लोरी म्हणते,
आणि सगळ्या हसतात, म्हणजे खोकतात.
आता डोकं.
डोकं टेकत नाही.
डोकं आपलं पुढे, कितीएक वर्षं,
काहीतरी पडलंय ते शोधत असल्यासारखं.

झैनब मानेमागे हात घालून बोटं मोजते.
इंदुमती राऊळ, सहा. द्वारकाबाई, अकरा.
मी, नऊ.
वहीत लिहिते, वर तारीख.
पोक सगळ्यांना दिसतं,
पोकळी हिनेच मोजली.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला होता:
मणके विटांसारखे हवेत,
तुमच्या दोन विटांच्या पाचरी झाल्यात.
पडला होतात का?
नाही हो. एकदा गादी उलटी केली, कट्कन आवाज आला,
मला वाटलं पलंगाचा.

मी काज-बटणं केली. अडतीस वर्षं.
भुलेश्वरच्या शेठचे शर्ट, खिडकीखाली बसून.
सुईत दोरा ओवताना श्वास धरायचा,
टोक हलू नये म्हणून.
दिवसाला पन्नास वेळा तरी धरला असेल.
हिशोब शर्टांचा व्हायचा, डझनावर.

आता त्याच फासळ्यांवर दोन्ही तळवे.
नाकाने आत, तीन आकडे,
ओठांचा चंबू करून बाहेर, सहा.
फुंकणीने चूल पेटवायची तसं? द्वारकाबाई विचारते.
नाही मावशी, पेटवायची नाही, विझवायची नाही,
जाळ नुसता हलला पाहिजे.
मग छातीभोवती टेप. पोर वाकून वाचते:
दीड सेंटीमीटर.
एवढीच फुलते मी, भरून घेतलं तरी.

छाती पुढे काढा, खांदे मागे. लाजू नका.
इथे इंदुमती थांबली.
म्हणाली, तेराव्या वर्षी आईने पाठीत धपाटा घातला होता,
ताठ चालते म्हणून.
पोक काढून चाल. खाली बघ.
मी बघितलं, म्हणाली.
पंखा फिरत राहिला, दोऱ्यांसकट.
फ्लोरी म्हणाली, आमच्यात धपाटा नव्हता, चिमटा होता.
मग पुन्हा श्वास घेतले.
मोजायला द्वारकाबाई; तिचे सहा फार लवकर येतात.

शेवटी पाठीखाली टॉवेलची गुंडाळी, दहा मिनिटं पडून राहायचं.
छताला एक पाल आहे, रोज त्याच जागी.
तिची पाठ सरळ.
दुखतं, मी म्हणते. खरंच दुखतं.
कसं दुखतं? टोचतं की ताणतं?
टोचलं तर सांगायचं. ताणलं तर थांबायचं तिथेच, जरा वेळ.
मी विचार करते. बराच वेळ ठरत नाही.

चार महिन्यांनी नऊची साडेसात झाली.
पाचरीची वीट होत नाही,
झैनबने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

पण ब्लाउज काचायला लागला.
मीच बेतलेला, पाठ लांब, पुढा आखूड,
अंग जसं होत गेलं तसा.
आता समोरचं शेवटचं हूक ओढून बसतं.
काल रात्री चष्मा लावला, उसवलं,
अर्धा इंच सरकवायचं म्हणून सुई काढली.
श्वास न धरता ओवायचं, ठरवलं.
पहिल्यांदा हुकलं.
दुसऱ्यांदा दोऱ्याचं टोक फाटून दोन झालं.
ते चाटून, पीळ देऊन,
नाकाने घेत, तोंडाने सोडत,
तिसऱ्यांदा गेलं.